धारूरच्या घाटातलं पिवळं गवत

रविवार, संध्याकाळ. केज, आत्याचं घर.



उद्या धर्मापुरीला ताईच्या पोराचं जावळ, म्हणून आम्ही सगळे गाडीत. मीच चालवत होतो. धारूरच्या घाटात आई ताईला सहज म्हणाली, "त्या सुप्रियाचा साखरपुडा झाला म्हणं." जिच्यापायी मी कॉलेज सोडलं, तिचा! घरात कुणाला ठाऊक न्हाई. डोकंच फिरलं. पुढं उसाचा ट्रॅक्टर होता. वळणावरच ओव्हरटेक मारला आन् समोरून ट्रक आला.

गाडी थांबली तेव्हा चाक कठड्याला टेकलं होतं.

"मरायचं आसंल तर एकटा मर की लेका!" आबा ओरडले. मागं पोरगं रडत होतं.

काचेसमोर सगळी दरी. उतरत्या उन्हात गवत पिवळंजर्द, पार खालपर्यंत. इतके दिवस म्हणतोय, जगून काय करू? आणि ते गवत बघताना एकच वाटलं, मला हे अजून बघायचंय. लई बघायचंय.

मग भ्यालो. कारण ट्रक दिसला तेव्हा क्षणभर माझा पाय ब्रेककडं गेलाच नव्हता. हे कुणाला सांगू? डोळे मिटले की ते पिवळं गवत आणि पोराचं रडणं, दोन्ही एकदमच.

चावी आबांना दिली. म्हणलं, "उद्या तुमीच चालवा." त्यांनी ती खिशात टाकली.

आत्ता ताई येऊन हसत म्हणाली, "मामा, उद्या ह्याला मांडीवर घट्ट धरायचं बरं का. वस्तरा असतोय."

चावी देता आली. मांडी कुणाला देऊ?