शनीची चुंबळ

नांदेड, २५ मे १९८३

माझ्या मायला पंचशीलाचा जय भीम. भीमा, मायला सावकाश वाचून दाखव, मधलं काही गाळू नको.

माय, मी मजेत हाय, पोटभर जेवते. आकाश बघायच्या शिबिरात आम्ही दुर्बिणीचा आरसा स्वतः बनवला! जाड काचेवर पाणी आन् खरखरीत पूड टाकून दिवसभर घासायचं. मग सगळं धुऊन बारीक पूड घ्यायची.

मागच्या मंगळवारी धुवायची पाळी माझी होती. इतकं पाणी मोरीत सोडायला जीव होईना. मी ते बादलीत धरलं आन् वरचं निवळ घेऊन त्यानंच पुन्हा काच धुतली. त्यात जाड पुडीचा कण राहिला, आरशावर लांब चरा पडला. सगळ्यांची तीन दिवसांची मेहनत गेली.

सरांना खरं सांगितलं. वाटलं, आता घरी धाडतात. ते म्हणाले, "रेणापूरची ना तू? चल, पुन्हा घासू. पाणी मात्र तूच ओतायचं."

ओतलं, माय. काल त्याच आरशातून शनी बघितला! त्याच्याभोवती खरंच कडं हाय. तुझ्या चुंबळीत घागर बसवल्यासारखा दिसतो.

टँकर येतो का? माझ्या जागी रांगेत कोण उभं राहतं? तुझी मान दुखते का? पत्त्यावर सवयीनं जिल्हा उस्मानाबाद लिहिलं होतं, खोडून आपला नवा जिल्हा लातूर केला.

तुझी लेक,
पंचशीला

ता. क. भीमा, आरसा धुवायला अकरा बादल्या लागल्या. एवढं मात्र गाळ.