अकरा ठिपके

मंगळवार, संध्याकाळ. भुईगाव.

पीएचडीची चार वर्षं वाया गेली. एवढं लिहायलाच वही उघडली बहुतेक.

प्रबंधात मी ठासून म्हटलंय की तंबूसारख्या आलेखाची उंची जराशी बदलली, तर त्यावर उड्या मारणारा बिंदू कुठे किती वेळ काढतो, म्हणजे त्याचं अपरिवर्तनीय माप, तेही बेताबेतानंच बदलतं. अकरा उंचींसाठी गणित केलं, अकरा ठिपके काढून जोडले. इतकं सुबक वळण आलं की सिद्धतेतली एक पायरी ‘हे उघड आहे’ म्हणून सोडून दिली.

आज त्या ठिपक्यांच्या मधल्या हजार जागा तपासल्या. नुसते दाते. जवळून पाहिलं तर त्या दात्यांनाही दाते. कुठेच उतार काढता येत नाही, आणि माझं सगळं तिसरं प्रकरण त्या उतारावर उभं आहे. मार्गदर्शक सरांना कोणत्या तोंडाने सांगू?

अकरा ठिपक्यांचा तो छापील आलेख आईने घरातल्या येशूच्या वेदीशेजारी चिकटवलाय. मुलीचं काम म्हणून. मघाशी काढायला गेले, तर म्हणाली, “राहू दे गं. रोज प्रार्थनेत या कागदाकडे बघूनच तुझं नाव घेते मी.”

हात खाली घेतला. काय सांगू तिला? अकरा ठिपके तेवढे खरे, मधली रेघ मीच ओढलेली?

मेणबत्ती लावून ती हाक मारतेय. आता जाऊन त्याच रेघेसमोर गुडघे टेकायचे.