देवमाशासाठी चार पानं

२ एप्रिल, सोमवार. सकाळ.

जगभरच्या संवादलेखकांनो, आपलं दुःख एकच आहे. आपण चार पानं लिहितो आणि पडद्यावर 'हो का' एवढंच उरतं. हे अजून किती दिवस सहन करायचं?

(खोलीत मी एकटाच आहे. पण आवाज तापलेला असावा.)

आज काम मिळालं. कौटुंबिक सिनेमा. मत्स्यालयात कोंडलेला देवमासा, नऊ वर्षांची मुलगी, दोघांची मैत्री. शेवटी ती फाटक उघडते आणि तो समुद्रात जातो. दिग्दर्शकाला वाटतं ही मुलांची गोष्ट आहे. मला दुसऱ्याच मिनिटाला कळलं, ही स्वातंत्र्याची गोष्ट आहे. फाटकापाशी मुलीचं भाषण टाकणार. चार पानं. बारा वर्षांत माझं एकही भाषण अखंड पडद्यावर गेलेलं नाही. हे जाईल.

संकल्प: १. रोज पाचला उठणे. २. भाषण पुरं होईपर्यंत दुसरा कागद वाचायला न घेणे. ३. सगळं शाईपेनने लिहिणे. बॉलपेनने फक्त पावत्या होतात.

३ एप्रिल, मंगळवार. सकाळी ९.४०.

पाचला उठलो होतो. मनाने.

टेबलावर फॉर्म. हिने ठेवलाय. निवासी जलतरण शाळा, सात तासांच्या अंतरावर. आमच्या फुगीची निवड झाली आहे. फुगी पाण्याखाली गाल फुगवून एक मिनिट बसायची तेव्हापासून तिचं नाव फुगी. आता बारा वर्षांची आहे आणि दोन मिनिटं बसते. दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. २८ तारीख, संध्याकाळी पाचपर्यंत. हिने आपली करून टाकली आहे, बॉलपेनने.

संकल्प क्र. २ मुळे मला फॉर्म वाचता येत नाही. न वाचता सही करणं म्हणजे गुलामी. त्यामुळे सध्या नाइलाज आहे. हिला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, बरं, चहा निवतोय.

५ एप्रिल, गुरुवार.

पहिलं पान झालं. सुरुवात अशी: 'जगातल्या तमाम बंदिस्त देवमाशांनो.' पडद्यावर देवमासा एकच आहे हे मला माहीत आहे. पण भाषण नेहमी हॉलपेक्षा मोठं असावं.

फुगीला वाचून दाखवलं. तिला तीन वर्षांची असल्यापासून सगळं वाचून दाखवतो. ती जांभई देते तिथे मी पेन्सिलीने खूण करतो आणि तेवढा भाग कापतो. माझ्या लिखाणात जो काही नेमकेपणा आहे तो या जांभयांचा आहे. आज पहिल्या पानावर सहा.

८ एप्रिल, रविवार. दुपार.

संकल्प क्र. २ थोडा सैल केला. फॉर्म वाचतोय. हिने विचारलं, झाला का वाचून? म्हटलं, चाललंय. म्हणाली, दोन पानांचा आहे.

पानं मोजून वाचणाऱ्यांना काय सांगणार? कलम १४: 'पालकांना महिन्यातून एकदा, रविवारी, दोन तास भेटता येईल.' म्हणजे वर्षाला चोवीस तास. वर्षाला एक दिवस. याला शाळा म्हणतात? मत्स्यालयाची वेळसुद्धा यापेक्षा जास्त असते, आणि त्याविरुद्ध मी चार पानी भाषण लिहितोय.

हरकतींची यादी सुरू केली. आत्तापर्यंत अकरा. तळमळ आहे ती फक्त मुलीसाठी. तिला मनातून जायचं नाहीच आहे, सांगायला लाजते.

११ एप्रिल, बुधवार.

दिग्दर्शकाने चार पानांचं एक केलं. छोटी मॅडम (सिनेमातली मुलगी, खरोखर नऊ वर्षांची) गार पाण्यात उभी राहणार, तिला एवढं पाठ होणार नाही म्हणे. मी सांगितलं, इतिहासातली सगळी मोठी भाषणं हाल सोसूनच झाली आहेत. तो म्हणाला, त्यांची आई सेटवर नव्हती.

छोटी मॅडमच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं, पण भाऊ, माशाला एवढं कळतं का?

घरी आलो. फुगीला कापलेली तीन पानं वाचून दाखवली. तेरा जांभया. तरी शेवटपर्यंत बसली.

१४ एप्रिल, शनिवार.

फुगीने बॅग भरली आहे. सरावासाठी, असं मी समजतो. भरून बघायची, मग रिकामी करायची. बारा वर्षांची मुलं हे करतात. बॅगेवर नाव, पत्ता आणि नवीन शाळेचा खोली नंबर लिहिला आहे, तोसुद्धा सरावासाठीच.

सही आज करणार होतो. पेन चालेना.

१७ एप्रिल, मंगळवार. सकाळी ११.

भाषण गेलं. एक शब्द उरला. मुलगी फाटकापाशी देवमाशाला म्हणते: 'जा.' बस्स.

कारण काय, तर यंत्र. आमचा देवमासा रबराचा आहे, मिनीबसएवढा. पाण्याखाली रूळ आहेत. फाटकाच्या भिंतीमागे विंचवाला (विंच म्हणजे दोर गुंडाळायचं यंत्र) बसतो, तो दोर ओढतो तेव्हा देवमासा बाहेर जातो. विंचवाल्याला भिंतीमुळे काही दिसत नाही, फक्त स्पीकरवर ऐकू येतं. त्याला एक ठरलेला शब्द हवा. तो शब्द 'जा'.

म्हणजे बारा वर्षांची तपश्चर्या एका विंचसाठी. मी दिग्दर्शकाच्या पायाशी बसलो नाही, एवढंच. खुर्ची नव्हती म्हणून जमिनीवर बसलो, ते वेगळं. शेवटी तो कंटाळून म्हणाला, एक टेक तुझ्या पद्धतीने घेऊ, अर्धं पान, पण मुलीला शब्द कोण सांगणार? मी म्हटलं, मी. देवमाशाच्या तोंडात बसून.

विजय.

(२८ ला अकरा दिवस आहेत. भरपूर आहेत.)

२० एप्रिल, शुक्रवार. दुपारी ३.

अर्धं पान झालं. आयुष्यात यापेक्षा चांगलं लिहिलेलं नाही. घरात कोरा कागद नव्हता. फॉर्मच्या सहीच्या पानाची मागची बाजू कोरी होती, म्हणून त्यावर लिहिलं. फॉर्म उलटा धरल्यामुळे संकल्प क्र. २ मोडला असं म्हणता येत नाही.

ऐन वेळी एक सुधारणा. 'जा' हा शब्द शेवटी होता, तो उचलून सुरुवातीला आणला. 'जा, बंधो, जा. कारण ज्याने तुला कोंडलं तोच तुझ्यावाचून कोंडला गेला आहे.' पहिल्या शब्दालाच सभागृह हातात येतं. फुगीला वाचून दाखवलं. एकही जांभई नाही. ती कागदाची दुसरी बाजू बघत होती.

उद्या शनिवार, तिला सुट्टी. सेटवर घेऊन जाणार. बाप काय करतो ते एकदा दिसू दे.

२१ एप्रिल, शनिवार. दुपारी १, सेटवर, मेकअपच्या खोलीत.

अंगावर टॉवेल. केसांतलं पाणी वहीवर गळतंय म्हणून अक्षर असं.

आधी छोटी मॅडमचा नुसता 'जा'वाला टेक झाला. ठीकच होता. मग माझा. मी देवमाशाच्या जबड्यात, हातात कागद. छोटी मॅडम समोर. बाहेर दिग्दर्शक, त्याच्या शेजारी ही आणि फुगी.

मी हळूच म्हटलं, जा, बंधो, जा. मुलगी मोठ्याने म्हणाली, जा, बंधो. भिंतीमागे विंचवाल्याने कळ दाबली. तो त्याच्या कामात चोख आहे, त्याला दोष देत नाही.

देवमासा निघाला. आत मी. जबडा आपोआप मिटायला लागला (त्याचीही कळ तीच). अजून साडेसात वाक्यं बाकी होती. फाटक आलं तेव्हा मी जबड्यातून बाहेर झेप घेऊन फाटक दोन्ही हातांनी पकडलं. पाय आत अडकलेले. कागद दातांत. विंच ओढतोय, मी सोडत नाही. दोर करकरला. दिग्दर्शक कट म्हणाला, पण त्या शब्दावर थांबायचं हे विंचवाल्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मग पाण्यात कुणीतरी उडी मारली. फुगी. सपसप आली. माझी बोटं फाटकावरून एकेक करून सोडवायला लागली. म्हणाली, बाबा, सोड. मी दातांतल्या कागदामुळे बोलू शकलो नाही. ती परत म्हणाली, बाबा, सोड ना. पाय टेकतात इथे.

सोडलं. टेकले. पाणी कमरेएवढं होतं.

२३ एप्रिल, सोमवार.

पाठ धरली आहे. कुणी काही विचारत नाही, हे जास्त लागतं.

फॉर्म वाळत होता, कपड्यांच्या दोरीवर, चिमट्यात, माझ्या बनियनच्या शेजारी. मग फुगीने त्याच्यावर पातळ कापड घालून इस्त्री केली. हळू हळू. मी दारातून बघितलं आणि पेपर वाचत असल्यासारखं केलं. पेपर हातात नव्हता.

शाईपेनने लिहिलेलं सगळं गेलं. नुसता निळसर डाग. छापलेलं जसंच्या तसं आहे. हिची बॉलपेनची सहीसुद्धा.

ही एवढंच म्हणाली, की तोंडाने जा जा चाललं होतं आणि फाटक कुणी धरलं होतं ते अख्ख्या युनिटने बघितलं. मी म्हटलं, तो तांत्रिक बिघाड होता. ती म्हणाली, हो, तेच म्हणते मी.

२५ एप्रिल, बुधवार.

दिग्दर्शकाचा फोन. 'जा'सुद्धा काढला. मुलगी नुसता हात हलवते, देवमासा जातो. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. माझं नाव यादीत राहील, प्रॉडक्शनच्या जेवणवाल्यांच्या खाली.

खोल विचार केला. तो हात मीच लिहिला असंही म्हणता येईल. मी सगळं बोलून संपवलं म्हणून तिला बोलावं लागलं नाही.

हे वाक्य कुणाला तरी वाचून दाखवावंसं वाटलं. फुगी पोहायला गेली होती. भिंतीला दाखवलं. भिंत जांभई देत नाही, त्यामुळे कुठे कापायचं कळत नाही. 

२७ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ६.

हरकती एकतीस झाल्या. फुगीला समोर बसवून सगळ्या वाचल्या. गाद्यांची जाडी, पाण्यातलं क्लोरीन, कलम १४, सात तासांच्या रस्त्यावरची वळणं. वाचताना पेन्सिल हातात तयार ठेवली होती.

एकही जांभई नाही. एकतीसच्या एकतीस तिने ऐकल्या, डोळे न हलवता. नऊ वर्षांत असं झालेलं नाही. मी पेन्सिल खाली ठेवली.

संपल्यावर तिने एकच विचारलं. बाबा, मी गेल्यावर तू कुणाला वाचून दाखवशील?

मी हसलो. म्हटलं, अगं, श्रोत्यांची काय कमी आहे मला. मग बाथरूममध्ये जाऊन दार लावलं आणि बोटांवर मोजायला घेतले. एकही बोट मिटलं नाही.

बाहेर आलो तर ती दाराशीच उभी. म्हणाली, फोनवर वाच, रविवारी. जांभई आली की मी सांगीन.

एकतिसावी हरकत (फोन फक्त रविवारी) खोडली. तीस उरल्या.

२८ एप्रिल, शनिवार. सकाळी १०.

सही आज नक्की. शांत डोक्याने, दुपारनंतर. त्याआधी छोटंसं भाषण, सहीचा अर्थ सांगणारं. दीड पान.

दुपारी २.३०. दीडचं अडीच झालं. घाई नको.

दुपारी ३.५०. पेन चालत नाही.

दुपारी ४.१०. ही आणि फुगी बाहेरच्या खोलीत बसल्या आहेत. दोघींनी बूट घातलेत. शाळेचं इथलं, गावातलं ऑफिस वीस मिनिटांवर. त्या हाका मारत नाहीत. एकदा फुगी दारापर्यंत आली, फॉर्म टेबलावर सरळ करून ठेवला, त्याची एक कोपऱ्याची घडी अंगठ्याने दाबली आणि परत गेली.

४.२०. जगभरच्या बापांनो, आपलं दुःख एकच आहे. आपण पोरींना पोहायला शिकवतो आणि मग

४.२४. खोलीत मी एकटाच आहे.

पेन चालतंय. हे सगळं त्यानेच लिहिलंय.

इस्त्री केलेला कागद समोर आहे. खाली उजवीकडे ठिपक्यांची रेघ, तिच्या शेजारी हिची सही. पाणी कमरेएवढं आहे.

वही मीट. सही कर.