वडील शिक्षक, छंद वाचन

३ जुलै
इटालियनच्या क्लासला दीड महिना झाला. जहाजावरच्या किचनची नोकरी आहे; मुलाखत १८ ला, इटालियनमध्येच. पुस्तक इंग्रजीवाल्यांसाठी, माझं इंग्रजी नववीपर्यंतचं. इंग्रजीत 'मी तेवीस वर्षांचा आहे'. इटालियनमध्ये 'माझ्याकडे तेवीस वर्षं आहेत'. पुन्हा 'सोनो' लिहिलं, म्हणजे 'मी आहे'. हवं होतं 'ओ', 'माझ्याकडे आहे'. तीनदा खोडलं. पान खराब झालं.

९ जुलै
'स्वतःबद्दल सांगा' याचं उत्तर सरांनी टाइप करून दिलं, सगळ्यांना एकच. वडील शिक्षक, छंद वाचन. "पाठ करा. स्वतःचं डोकं चालवाल तर चुकाल." दहावीच्या गाईडसारखं. बरं वाटलं.
आबा ओट्यावर जाळं शिवत होते. "काय रं पुटपुटतंस?" अर्थ सांगितला. "मी शिक्षक कवा झालो?" हसले. मग, "एक तारखेला बोट निघंल. तू येतंस का दुसरा माणूस बघू?"
कागदाची घडी घालून आत गेलो.

१४ जुलै
'मला आवडतं' इंग्रजीवरून केलं की उलटं होतं. आपल्या मराठीवरून केलं की सरळ बसतं. मला समुद्र आवडतो. असं चालतं का, सरांना विचारायची हिंमत नाही. कागद पाठ आहे. तरी मासेमाराला काय म्हणतात ते शोधून ठेवलं. उगाच.

१८ जुलै
अंधेरी. माझा नंबर सातवा. दार अर्धवट उघडं. पहिला: वडील शिक्षक, छंद वाचन. दुसरा तेच. तिसरा आमचा नीलेश, तोही. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी मध्येच थांबवलं. नीलेश बाहेर येऊन म्हणाला, "वाट लागली यार. तिला आता आपल्या सगळ्यांचे बाप पाठ झालेत. कागद फाड."
कागदाशिवाय मला काय येतं?
आत गेलो. वडील मासेमार म्हणालो. समुद्र आवडतो म्हणालो. वय सांगताना पुन्हा 'सोनो'! बाईंनी सुधारलं. मग विचारलं, कुठले मासे? बोंबील म्हणालो. त्यांनी वही पुढे केली, लिही म्हणाल्या. लिहिलं. अक्षर इतकं वाईट कधीच आलं नव्हतं.
फोन करू म्हणाल्या. सगळ्यांनाच म्हणाल्या.

२२ जुलै
फोन नाही. नीलेश म्हणतो, "तुझाच नंबर लागणार रे, घाबरट." घरी मुलाखतीचा विषय कुणी काढत नाही. त्याचीच जास्त भीती वाटते.

२८ जुलै
आबांनी बोटीवरची माणसं ठरवली. एक जागा रिकामी ठेवलीय. कुणासाठी ते सांगत नाहीत, मी विचारत नाही.
दुपारी बोट रंगवायला बोलावलं. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या खिशात ठेवला आणि गेलो.