लिंबापर्यंत वीस पावलं

१५ मे
वादळानं जळकोटकडचे खांब आडवे केले. लाइट आठवडाभर येत नाही म्हणतात. सौ.चं ऑक्सिजनचं मशीन लाइटवर. भरलेला सिलिंडर एकच. मुलगा दत्ता जनरेटरच्या शोधात.

आमचा जुना खेळ चालू आहे. चौथीच्या कवितेतली पहिली ओळ मी म्हणायची, दुसरी सौ.नं. धाप लागते, ओळ चुकत नाही.

१६ मे, शुक्रवार
दिवेलागणीला जनरेटर आला. दत्ता वायर आणायला गेला तेव्हा तो घेऊन आलेल्या मिस्त्रीनं मला बजावलं, "गुरुजी, घरापासून वीस पावलं लांब. पावसात भिजू द्यायचं न्हाय, करंट मारतंय. अन् धुरातला जहरी वायू दिसत न्हाय, माणूस झोपल्यावानी जातंय."

पावलं मोजत लिंबापाशी गेलो. शाळेची कवायत आठवली, तिथंच रमलो. परत येतो तो सूनबाईनं जनरेटर ओसरीवर घेऊन हळदकुंकू लावलेलं. "मामा, शुक्रवारची लक्ष्मी. उंबऱ्याबाहेर कशी ठिवायची?"

मिस्त्रीचं बोलणं सांगायचं राहिलं.

१७ मे
सकाळी वायर जोडली, तेव्हापासून जनरेटर ओसरीवर चालू. डोकं जड. जुने वर्ग, जुनी मुलं डोळ्यांपुढं इतकी स्वच्छ, की बरंच वाटलं. सूनबाईला मळमळ. ओसरीच्या घरट्यातली चिमणी खाली मरून पडलेली. ऊन लागलं असेल म्हटलं.

दुपारी पहिली ओळ म्हटली. सौ. नुसती हसली. पुन्हा म्हटली. तर म्हणते, "कुठली कविता?"

तेव्हा मिस्त्री आठवला. दत्तानं जनरेटर बंद केला. सिलिंडर लावून, खाटेसकट तिला अंगणात आणलं. तासाभरानं दुसरी ओळ आली, अर्धी. डॉक्टर आले, म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर वाचल्या नसत्या.

१८ मे
जनरेटर लिंबाखाली. धुराचं तोंड रानाकडं. खिडक्या बंद. पावलं मीच मोजली, न रमता. सूनबाई नजरेला नजर देत नाही. तिला सांगितलं, बाई, चूक माझी. ऐकलं मी होतं.

सिलिंडर संपला.

१९ मे
दत्ता सिलिंडर आणायला गेलाय. चार वाजले. आभाळ काळं. सूनबाई दारातून, "मामा, जनरेटर भिजंल. ओसरीवर घेऊ का?" नको म्हटलं. तिला सौ.जवळ बसवलंय, दुसरी ओळ ऐकून मला ओरडून सांगायला.

जनरेटरपाशी वही घेऊन बसलोय. पहिली ओळ मोठ्यानं म्हटली. या आवाजात काही ऐकू येत नाही. पुन्हा म्हटली.

वहीवर थेंब. दोन. बंद करावा तर तिचा ऑक्सिजन थांबतो, चालू ठेवावा तर