सम ओळी

५ जून
गडहिंग्लजहून सकाळच्या एसटीनं आले आणि अकराला कामावर बसलेसुद्धा. बाळासोंचा स्टुडिओ छोटा, पण खुर्ची चांगली आणि चहा वेळेवर. लग्नाच्या जुन्या डीव्हीडी मोबाईलवर चालतील अशा करून द्यायच्या, एवढंच काम. आईला फोन करून सांगितलं, जेवले, खोली हवेशीर आहे, काळजी करू नको.

७ जून
जुन्या व्हिडिओतलं प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांचं असतं. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम, आणि दोन्ही क्षणभराच्या फरकानं टिपलेली. माणूस हलला की ओळी जुळत नाहीत आणि कडांना फणीसारखे दात येतात. ते काढायचे. आज अक्षता टाकणारे सगळे हात स्वच्छ केले. बाळासो म्हणाले, "क्रांती, हात बसलाय की तुझा."

१० जून
कोडोलीहून चिमणाबाई आल्या. लेकीच्या, मोनाच्या लग्नाची डीव्हीडी पदरात गुंडाळलेली. लग्न २००८चं. चारच महिन्यांत मोना विहिरीत सापडली. पाय घसरला, असं सासरचे म्हणाले. जावयानं, धैर्यशीलनं, वर्षात दुसरं लग्न केलं. "तिचं त्वांड नीट दिसू दे, बाई. दुसरं काय न्हाय," म्हणाल्या. शनिवारी येणार आहेत.

११ जून
स्टेजवर मोना आणि धैर्यशील शेजारी शेजारी बसलेत. अगदी स्थिर. तरी मोनाच्या गळ्याभोवती दात. न हलणाऱ्या माणसाला दात येत नाहीत. ओळींचा क्रम उलटा करून पाहिला, तेच. बाळासोंना दाखवलं. डिस्कला चरा असेल म्हणाले, मग पडद्यावरच्या धैर्यशीलला ओळखलं. ते मोठ्या घरचे, त्यांना विचारल्याशिवाय द्यायचं न्हाय, म्हणाले.

१२ जून
दोन्ही अर्धी वेगळी केली.
विषम ओळींत त्याचे हात मांडीवर. मोना हसतेय.
सम ओळींत त्याचा उजवा हात तिच्या गळ्यावर. तिचे केस ओले. तोंड उघडं. समोरून माणसं आहेर देऊन जाताहेत, कुणी वर बघत नाही.
कुणालाच सांगितलं नाही.

१३ जून
पुढचा भाग पाहिला. सम ओळींत आता मांडवच नाही. विहिरीचा काठ आहे. तो वाकलाय, दोन्ही हातांनी खाली दाबतोय—
नुसत्या विषम ओळी ठेवल्या तर चिमणाबाईंना हसरी लेक मिळेल. सम ओळी पुसायला एक बटण पुरे. बोट ठेवलं होतं. नाही दाबलं. पेनड्राइव्हवर घेतल्या.

१४ जून
बाळासो शूटिंगला मलकापूरला गेलेत. जाताना सांगितलं, धैर्यशील दुपारी येतील, डिस्क त्यांच्याकडं दे. मी चिमणाबाईंना फोन लावला, उद्या नको, आजच या. एसटीत बसल्यात.

दोन वाजले
तो आला. केस पिकलेत. अदबीनं बोलतो. डिस्क दिली, तरी गेला नाही. समोर बसलाय. काम करतेय असं दाखवून लिहितेय.
आत्ता विचारलं त्यानं. दुसऱ्या ओळी कुठं ठेवल्यास, म्हणून. मी तर कुणालाच—
हात मांडीवर आहेत त्याचे. दोन्ही. मला दिसताहेत. तरी माझ्या गळ्याला—
चिमणाबाई, पेनड्राइव्ह या वहीच्या