कृपया मतदानास येऊ नये

३ नोव्हेंबर
निवडणूक कार्यालयाचे पत्र आले. मला तालुका कौन्सिलच्या सदस्यपदावरून परत बोलवावे काय, यावर नोरुगोल खोऱ्यातील मतदार सोळा तारखेस मत देणार आहेत. कारण असे, की डुकरांच्या विष्ठेपासून खत करणाऱ्या कारखान्याला मी गावाच्या तोंडाशी जागा मिळवून दिली. वास येतो म्हणतात. मला येत नाही. पत्नी ओक-बुन हल्ली धुणे घरातच वाळत घालते, ते बहुधा थंडीमुळे.
तीनदा निवडून आलेला मनुष्य अशा पत्रांना भीत नाही. दुपारी जेवण गेले नाही. मुळ्याचे किमची फार आंबले होते.

४ नोव्हेंबर
कायदा स्वतः वाचला. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. परंतु त्या काळची चौथी होती. एकूण मतदारांपैकी एक तृतीयांशाहून कमी लोक मतदानास आले, तर पेट्या उघडायच्याच नाहीत आणि मी सदस्यपदी कायम. म्हणजे माझ्या बाजूने मत देण्याचे कष्ट कोणी घ्यावयास नकोत. लोकांनी घरी बसावे, एवढेच.
निर्धास्त झालो. छातीत धडधडते आहे, ती हवा बदलल्यामुळे.

७ नोव्हेंबर
गावप्रमुख थाक दॉक-सू आला होता. त्यास योजना समजावली. आपली माणसे घरीच बसणार असल्याने, जो शाळेतील केंद्राकडे वळेल तो माझा विरोधक, हे उघडच आहे. सबब शाळेच्या फाटकासमोर मी दिवसभर खुर्ची टाकून बसेन.
थाक म्हणाला, मो दादा, मग मतदान गुप्त राहिलं कुठं?
मी म्हणालो, मत गुप्तच आहे. मी फक्त चेहरे पाहणार.
आपल्या माणसांपैकी एकानेही हलता कामा नये, अशी सक्त ताकीद दिली. तो म्हणाला, हे तर सोपं काम. आजवर तुमच्यासाठी लोकांना ओढून बाहेर काढता काढता माझी कंबर गेली.

१२ नोव्हेंबर
थाकने गावाच्या भोंग्यावरून घोषणा केली. पदावर असल्यामुळे त्याला प्रचार करता येत नाही. म्हणून म्हणाला, हॅलो, हॅलो, सोळा तारखेला गावात विशेष काहीही नाही. कोबी खारवून ठेवा, निवांत राहा.
घोषणा उत्तम झाली. मात्र ती ऐकून खालच्या आळीत कोणीतरी बराच वेळ हसत होते.

१५ नोव्हेंबर, सायंकाळी
माझ्याविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्या प्यो मी-जाचे केस कापण्याचे दुकान आहे. आज तिथे दारापर्यंत बायका. सर्वजणी केस कुरळे करून बाहेर पडल्या. घरी बसावयाचे असेल तर बाई केस कुरळे करीत नाही.
ओक-बुनचे केसही कुरळे दिसले. विचारले नाही. कोबीच्या कामात डोक्याला वाफ लागली असेल.
हात थोडे थरथरतात. अक्षर मात्र सरळ आहे.

१६ नोव्हेंबर, सकाळी नऊ
खुर्चीवरून लिहीत आहे. रस्ता ओस. दोन बायका कोपऱ्यापर्यंत आल्या, मला पाहून वाकून नमस्कार केला आणि परत फिरल्या. योजना अचूक आहे.

सकाळी दहा
ओक-बुन आली. अंगावर मुलाच्या लग्नातला रेशमी पोशाख. घरी जा म्हणालो. ती म्हणाली, अहो, तुमच्याच बाजूनं शिक्का मारणारे मी. मी बजावले, की तुझे मत माझ्या बाजूचे असले तरी डोके त्या एक तृतीयांशात मोजले जाईल, म्हणजे माझ्या विरुद्धच. ती म्हणाली, पन्नास वर्षं तुमचं ऐकून घरी बसले, आज नाही बसायची. आणि आत गेली.
तिच्या पाठोपाठ सगळी कुरळी डोकी. प्यो मी-जा जाता जाता म्हणाली, सदस्यसाहेब, थंडी आहे, गुडघे झाका. वहिनीच पुढं गेल्यावर आम्ही कुणाला भ्यायचं?
घाम फुटला. ऊन कडक आहे.

दुपारी तीन
निवडणूक कार्यालयात फोन केला. खोऱ्यात एक तृतीयांश पूर्ण झाले. पेट्या उघडणार. आता प्रत्येक मत हवे.
आपल्या सर्व माणसांना ताबडतोब पाठव, असे थाकला सांगितले. तो म्हणाला, दादा, चुकून कुणी मतदानाला जाईल म्हणून सगळ्यांना वर्गणी काढून बसनं गरम पाण्याच्या झऱ्यांवर आणलंय. गळ्यापर्यंत पाण्यात बसलेत. रात्रीशिवाय हलत नाहीत. तुमच्या शब्दाला फार मान आहे.

सायंकाळी सात
खुर्ची मिटून आत गेलो. स्वतःच्या बाजूने शिक्का मारला. व्यवस्थित.

१७ नोव्हेंबर
मला परत बोलावले. अन्य गावांतही हीच तऱ्हा, कारण माझी माणसे तिथेही माझ्या आज्ञेत राहिली.
आमच्या गावच्या पेटीत माझ्या बाजूने एक मत.
सकाळी ओक-बुनने समुद्रशेवाळाचे सूप वाढले. आमच्याकडे कोणी हरला, की ‘शेवाळाचे सूप प्यायला’ म्हणतात. मी तिच्याकडे पाहिले. तिने पाहिले नाही. सूप चांगले होते.
शांतपणे विचार केल्यावर उलगडा झाला. काल माझा हात थरथरत होता. शिक्का चौकटीच्या रेघेवर पडून माझे मत बाद झाले असणार. असे माझ्याकडून कधी घडत नाही, परंतु काल घडले. ते एक मत ओक-बुनचे.
बाद मतांचा आकडा कार्यालयात मिळतो. तो विचारण्याची आवश्यकता मला वाटत नाही.